ऑक्टेव्हिया बटलर : पुरस्कारांच्या आधीची पंचवीस वर्षं

पूर्वभागातली :

आमच्या सोलापूरच्या वाचनगटात या महिन्यासाठी ऑक्टेव्हिया बटलर ही अमेरिकेतली काळी विज्ञानकथालेखिका ठरली आणि ग्रुपवर लगेच पुरस्कारांची यादी फिरायला लागली. विज्ञानकथेचे दोन ह्यूगो आणि दोन नेब्युला पुरस्कार, 1995 ची मॅकआर्थर फेलोशिप (विज्ञानकथाकारांत ती पहिल्यांदा हिलाच मिळाली), 2000 साली पेन या लेखकसंघटनेचा जीवनगौरव. यादी खरी आहे, पण तिच्यावरून ही बाई कळत नाही. पहिला ह्यूगो हातात आला तेव्हा ती 37 वर्षांची होती आणि लिहायला लागून तिला पाव शतक झालं होतं. त्या पाव शतकाबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून हा धागा.

जन्म 22 जून 1947, कॅलिफोर्नियातलं पासाडीना. वडील बूटपॉलिश करायचे, ती लहान असतानाच वारले. आई दुसऱ्यांच्या घरची साफसफाई करायची. आईची स्वतःची शाळा तीन वर्षांतच सुटली होती, पोर हाताशी आली म्हणून कामाला लावलेली. ज्या घरांत ती राबायची तिथली टाकून दिलेली पुस्तकं-मासिकं ती मुलीसाठी उचलून आणायची. मुलीला डिस्लेक्सिया, अक्षरं चटकन लागायची नाहीत. त्यात अंगानं उंच आणि स्वभावानं बुजरी, त्यामुळे वर्गात कायम एकटी.

दहा वर्षांची असताना तिनं चिल्लर साठवून पाच डॉलरच्या वर रक्कम केली आणि पहिल्यांदा पुस्तकांच्या दुकानात गेली. आत गेल्यावर गल्ल्यावरच्या बाईला तिनं विचारलं, इथे मुलं आली तर चालतं का? तिला खरं विचारायचं होतं ते हे की काळी मुलं आली तर चालतं का. हा प्रसंग तिनं स्वतःच एका निबंधात सांगितलाय. सगळ्या पुरस्कारांपेक्षा मला हा प्रश्न जास्त लक्षात राहतो. ज्या मुलीला दुकानात पाऊल टाकायची परवानगी मागावी लागली, तिची पुस्तकं पुढे त्याच दुकानांत लागली.

त्याच वयात तिनं आईकडे टाइपरायटर मागितला. ओळखीच्या एका बाईनं आईला टोकलं, एवढ्याशा पोरीला कशाला हवाय, चार दिवसांनी कपाटात पडेल, पैसे वाया. आईनं ऐकलं नाही, रेमिंग्टन घेऊन दिला. बाराव्या वर्षी तिनं टीव्हीवर मंगळावरून आलेल्या बाईचा एक सुमार सिनेमा पाहिला. तिच्या मनात आलं, याहून बरं मी लिहीन, आणि असलं लिहिण्याचेसुद्धा कुणालातरी पैसे मिळालेत! तिथून तिची विज्ञानकथा सुरू झाली. मावशीनं प्रेमानंच सांगितलं होतं, बाळा, आपल्या लोकांना लेखक होता येत नाही. तोवर तिनं छापलेलं असं एकही पुस्तक वाचलं नव्हतं जे काळ्या माणसानं लिहिलंय हे तिला ठाऊक असेल. म्हणजे मावशीचं म्हणणं खोडायला तिच्याजवळ काही पुरावासुद्धा नव्हता.

दिवसा काम, संध्याकाळी कॉलेज असं करत 1968 मध्ये तिनं पासाडीना सिटी कॉलेजचं शिक्षण पुरं केलं. कॉलेजच्या कथास्पर्धेत 15 डॉलर मिळाले, ती लेखनाची पहिली कमाई. मग पटकथा-लेखकांच्या संघटनेच्या वर्गात हार्लन एलिसन या विज्ञानकथालेखकानं तिला हेरलं आणि 1970 मध्ये ती पेनसिल्व्हेनियात विज्ञानकथा-लेखनाच्या क्लॅरियन कार्यशाळेला गेली. तिथे सॅम्युअल डिलेनी हे विज्ञानकथालेखकही शिकवायला होते. कार्यशाळेच्या दिवसांतच तिच्या दोन कथा विकल्या गेल्या. आता गाडी रुळावर आली असं तिला वाटलं.

पुढची पाच वर्षं तिची एक ओळ विकली गेली नाही.

या पाच वर्षांत तिनं भांडी घासली, फोनवरून माल विकला, बटाट्याच्या वेफर्सच्या कारखान्यात वेफर्स तपासले. रात्री दोन-तीन वाजता उठायची, लिहायची आणि मग कामावर जायची. 1976 मध्ये डबलडे या प्रकाशनसंस्थेनं पहिली कादंबरी काढली, 'पॅटर्नमास्टर'. माझ्या लेखी तिचं करिअर म्हणजे तो दोन वाजताचा गजर. पुरस्कारांनी नंतर तिला थोडी झोप मिळवून दिली, एवढंच.

शेंगाचटणी :

भारी लिहिलाव की ताई. वाचलालोय, पुढचं टाका लवकर. ह्यूगो आणि नेब्युला यांत फरक काय असतो ओ? नावं ऐकून आहे फक्त.

पूर्वभागातली :

ह्यूगोला वर्ल्डकॉन या संमेलनाचे सभासद मत देतात, म्हणजे मुख्यतः वाचक. नेब्युलाला लेखकांच्या संघटनेतले लेखक. 'ब्लडचाइल्ड' या तिच्या दीर्घकथेला दोन्ही मिळाले. वाचकांनीही उचलून धरली आणि बरोबरीच्या लेखकांनीही.

ह्यूगो मिळालेल्या तिच्या दोन्ही कथांचा उगम सांगते. तिला गाडी चालवता येत नव्हती, आयुष्यभर बसनं फिरली. मरणाच्या दारात असलेल्या मैत्रिणीला भेटायला जाताना खच्चून भरलेल्या बसमध्ये तिच्यासमोर रक्त निघेपर्यंत मारामारी झाली. माणसं मुठींशिवाय बोलायला कधी शिकणार, असा विचार करत ती घरी आली आणि त्यातून 'स्पीच साउंड्स' झाली. एका साथीनंतर माणसांची बोलण्याची, वाचण्याची शक्ती गेलेली आहे, अशी ती कथा. 1984 चा ह्यूगो तिला मिळाला.

'ब्लडचाइल्ड'चं मूळ वेगळंच आहे. तिला कादंबरीच्या अभ्यासासाठी पेरूच्या जंगलात जायचं होतं आणि तिथे माणसाच्या कातडीखाली अंडी वाढवणारी एक माशी असते हे वाचून तिला धडकी भरली होती. भीती घालवायचा तिचा मार्ग म्हणजे त्या भीतीवर लिहिणं. परग्रहावर आसऱ्याला गेलेली माणसं आणि तिथले किड्यासारखे यजमान, ज्यांची अंडी माणसाच्या, बहुधा पुरुषाच्या, शरीरात वाढतात. लोकांनी ती गुलामगिरीची कथा ठरवली. तिनं ठामपणे सांगितलं की ती एक प्रेमकथा आहे, पुरुषाच्या बाळंतपणाची कथा आहे, आणि दुसऱ्याच्या घरी राहायचं भाडं काय मोजावं लागतं याची आहे. मला तिसरा अर्थ सगळ्यात जवळचा वाटतो.

निवृत्तमास्तर :

लेख अभ्यासपूर्ण आहे. पण थोडी असहमती नोंदवतो. आपल्याकडे नारळीकरांचं उदाहरण आहे. 1974 च्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली, नावाचा दबाव परीक्षकांवर पडू नये म्हणून. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. इतक्या मोठ्या संशोधनाच्या व्यापात त्यांनी कथा लिहिल्या. तेव्हा प्रतिभा असली की वेळ निघतो, असं माझं मत. परिस्थितीचं फार कौतुक केलं की साहित्यगुण बाजूला पडतात.

पूर्वभागातली :

सर, नारळीकरांच्या कथा वाचूनच मी या वाटेला लागले, त्यामुळे तुमचा मुद्दा मनापासून ऐकला. पण मला ही दोन उदाहरणं एकमेकांच्या उलट दिसतात. नारळीकरांना आपलं मोठं नाव लपवावं लागलं, कारण ते आधीच आत होते. केंब्रिजहून आलेले, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक, पद्मभूषण 1965 सालीच मिळालेलं. बटलरला लपवायला नाव नव्हतंच. तिची कथा परत आली तर ती परत आली, आणि सकाळी वेफर्स तपासायला जायचंच होतं.

नारळीकरांचा मोठेपणा यानं कमी होत नाही. दुर्गाबाई भागवतांनी 1975 च्या कराडच्या संमेलनात अध्यक्षपदावरून त्यांच्या कथांची दखल घेतली आणि मराठीत विज्ञानकथेकडे बघायची नजर बदलली. पण 'प्रतिभा असली की वेळ निघतो' हे वाक्य ज्याला पगारी वेळ आहे त्याच्याच बाबतीत सहज खरं ठरतं. बटलरचा वेळ झोपेतून कापलेला होता. आणि साहित्यगुणांचं म्हणाल तर ते या परिस्थितीतूनच आलेत, पुढच्या प्रतिसादात 'किंड्रेड' या तिच्या कादंबरीबद्दल लिहिते.

रातपाळी :

ताई, मी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात आहे. सहा माग बघतो. ताण्याचा धागा तुटला की माग थांबतो, गाठ मारून परत चालू करायचा, तोवर दुसरा थांबलेला असतो. रातपाळी असली की सकाळी घरी येऊन झोपायच्या आधी अर्धा-पाऊण तास लिहितो. कथा आहेत सात-आठ. एका प्रकाशकाला दाखवल्या, त्यानं छापायचे पैसे मागितले, माझ्या दोन पगारांएवढे. तुमचा लेख वाचून विचारावंसं वाटलं. या बाईंना कुणी असं फसवलं नाही का? आणि दमल्यावर लिहायचं कसं हे त्यांनी कुठं सांगितलंय का?

पूर्वभागातली :

फसवलं दादा, आणि तेही पोरवयात. तिनं स्वतःच लिहिलंय. एका तथाकथित एजंटानं कथा वाचायची फी मागितली. ती रक्कम आईच्या महिन्याच्या घरभाड्याहून जास्त होती. आईनं ती भरली आणि हाती काही आलं नाही. नियम तिला नंतर समजला, पैसा लेखकाकडे यायचा असतो, लेखकाकडून जायचा नसतो. त्या प्रकाशकाला एक रुपया देऊ नका. दिवाळी अंकांना पाठवा, मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला पाठवा.

दमल्यावर कसं लिहायचं यावर तिचा एक छोटा निबंध आहे. स्फूर्ती विसरा, सवय जास्त भरवशाची, असं ती सांगते. स्फूर्ती आली-नाही आली तरी सवय तुम्हाला टेबलाशी नेते. प्रतिभेबद्दलही तिचं तसंच म्हणणं आहे. असली तर वापरा, नसली तरी बिघडत नाही, सतत शिकत राहणं प्रतिभेपेक्षा भरवशाचं.

तिच्या वह्या लॉस एंजेलिसजवळच्या हंटिंग्टन ग्रंथालयात जपून ठेवल्यात. काहींची छायाचित्रं बघायला मिळतात. एकाच पानावर कथेचं टिपण, घरखर्चाचा हिशेब आणि स्वतःला दिलेली ताकीद. 1988 च्या एका वहीच्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला तिनं लिहून ठेवलंय की मी सर्वाधिक खपाची लेखिका होईन, माझी पुस्तकं लाखो लोक वाचतील, गरीब काळ्या मुलांना मी क्लॅरियनसारख्या कार्यशाळांना पाठवीन. खाली स्वतःलाच हुकूम केलाय, हे होणारच, तू करून दाखव. तेव्हा तिच्याकडे दोन ह्यूगो होते, तरीही ती स्वतःला असं बजावत होती. पुरस्कारानं पोट भरत नव्हतं.

भुईकोट :

रातपाळी, कथा इथे टाका की एखादी. आम्ही वाचू.

ताई, 'किंड्रेड'चं लिहा. मी अर्धी वाचून सोडली होती. विज्ञान कुठेच दिसलं नाही, बाई आपली गरगरल्यासारखं होऊन भूतकाळात जाते. कशी जाते हे सांगतच नाही.

पूर्वभागातली :

ती सांगत नाहीच. ती स्वतः त्या पुस्तकाला विज्ञानकथा म्हणत नव्हती, काळीकुट्ट अद्भुतकथा म्हणायची. यंत्र कसं चालतं हा तिचा प्रश्नच नव्हता.

'किंड्रेड' 1979 ची. कॉलेजात असताना एक काळा तरुण तिच्यासमोर म्हणाला होता की या म्हाताऱ्या पिढीनं आपल्याला मागे ठेवलं, यांना मारून टाकावंसं वाटतं, पण सुरुवात माझ्या आईबापापासून करावी लागेल. हे वाक्य तिच्या डोक्यातून गेलं नाही, कारण तीही लहानपणी आईच्या कामाची लाज बाळगून होती. आई मालकांच्या घरी मागच्या दारानं आत जायची. आई तिथे उभी असताना लोक तिच्याबद्दल ती जणू नाहीच असं बोलायचे, आणि आई ऐकून घ्यायची. या ऐकून घेण्यावर आपण जेवलो, हे मुलीला मोठेपणी उमगलं.

मी पूर्व भागात वाढले. घरी तेलुगू, बाहेर मराठी. अम्मा विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि भिजवलेली पानं, पत्र्याच्या मापानं कात्रीनं पान कापायचं, चिमटीनं तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा. हजार विड्या बांधून माल द्यायला जायची तेव्हा मी बरोबर असायचे. तपासणारा माणूस मूठभर विड्या खराब म्हणून बाजूला काढायचा, बोलायचा. अम्मा मान खाली घालून उभी. मला तिचा राग यायचा, त्या माणसाचा नाही. 'किंड्रेड' वाचताना हा राग मला पहिल्यांदा नीट दिसला.

कादंबरीत 1976 च्या कॅलिफोर्नियातली डेना, तीही लेखिका आणि तीही रोजंदारीची फुटकळ कामं करून रात्री लिहिणारी, पुन्हा पुन्हा एकोणिसाव्या शतकातल्या मेरिलंडमध्ये ओढली जाते. एका गोऱ्या मळेवाल्याच्या मुलाचा जीव धोक्यात आला की तिला जावं लागतं, कारण तो तिचा पूर्वज आहे. तो जगला नाही तर ती जन्मणार नाही. आजची सुशिक्षित, ताठ मानेची बाई तिथे काही दिवसांत मान खाली घालायला शिकते. आणि मग तिला कळतं की जी माणसं आपल्याला दुबळी वाटली ती रोज केवढं काय सांभाळून जगत होती. बटलरला हे वाचकाच्या अंगावर आणायचं होतं, नुसतं कळून चालणार नव्हतं. म्हणून भूतकाळात माणूस पाठवणं तिला भाग होतं. मास्तर सर, साहित्यगुण परिस्थितीतून आले असं मी म्हणाले ते याच अर्थानं.

अभ्यासासाठी ती ग्रेहाउंडच्या बसनं मेरिलंडला गेली, ग्रंथालयात गुलामांच्या आठवणी वाचल्या. जॉर्ज वॉशिंग्टन यांचं माउंट व्हर्नन हे घर बघितलं, तिथले मार्गदर्शक गुलामांचा उल्लेख 'नोकर' असा करत होते. तिनं नंतर सांगितलं की प्रत्यक्षातलं होतं तसं लिहिलं असतं तर कुणी वाचू शकलं नसतं, म्हणून कादंबरीत तिनं ते बरंच सौम्य केलं. सौम्य केल्यावरही शेवटी डेना एक हात गमावून परत येते.

कंबरतलाव :

'बलुतं' 1978 चं आणि 'किंड्रेड' 1979 ची. जगाच्या दोन टोकांना एकाच सुमाराला आईबापांच्या अपमानाकडे वळून बघणं चाललं होतं. हे आधी कधी सुचलं नव्हतं.

निवृत्तमास्तर :

कंबरतलाव, साम्य आहे, पण घाईनं एका माळेत ओवू नये. दया पवारांनी स्वतःचं आयुष्य स्वतःच्या नावानं मांडलं, बटलरनं कल्पित रचलं. जात आणि अमेरिकेतली गुलामगिरी यांची घडणही वेगळी.

बाई, विडीचा परिच्छेद वाचला. माझ्या वर्गात अशा मुली होत्या. आणखी लिहीत नाही. मुद्दा मान्य.

पूर्वभागातली :

सर, माळेत ओवू नये हे मलाही मान्य. बटलरनं आत्मचरित्र लिहिलं नाही, कारण तिला स्वतःपेक्षा सत्तेचं कोडं सोडवायचं होतं. कोण कुणावर का चालतं, आणि ज्याच्यावर चालतं तो तरीही माणूस कसा राहतो. पहिल्या कादंबरीपासून शेवटच्यापर्यंत हेच.

आता उरलेलं थोडक्यात. 1987 ते 89 मध्ये 'डॉन', 'अ‍ॅडल्टहुड राइट्स', 'इमागो' ही परग्रहवासीयांची त्रयी. 1993 ला 'पॅरेबल ऑफ द सोअर'. पाणी महाग, घरं कुंपणाआड, हवामान बिघडलेलं, आणि एक मुलगी उत्तरेकडे चालत निघते. कादंबरी सुरू होते जुलै 2024 मध्ये. 1995 मध्ये मॅकआर्थरचे 2,95,000 डॉलर पाच वर्षांत मिळायचे ठरले आणि तिच्या वाट्याला पहिल्यांदा खात्रीची मिळकत आली. दुसरा भाग 'पॅरेबल ऑफ द टॅलेंट्स' 1998 ला आला, त्याला नेब्युला.

तिसरा भाग मात्र झाला नाही. कितीदा सुरुवात केली आणि सोडली, ते कागद हंटिंग्टनमध्ये आहेत. रक्तदाबाच्या औषधांनी ती सुस्त व्हायची. सात वर्षांनी, 2005 मध्ये 'फ्लेजलिंग' आली आणि 24 फेब्रुवारी 2006 ला ती गेली, 58 व्या वर्षी. एक गोष्ट मला फार आवडते. 1978 ची 'सर्व्हायव्हर' ही आपली कादंबरी तिला पटेनाशी झाली, तर तिनं हयातीत ती पुन्हा छापू दिली नाही. पैशाची चणचण असतानाही दिली नाही.

वहीतलं वाक्य 2020 मध्ये खरं झालं. तिच्या मृत्यूनंतर 14 वर्षांनी 'पॅरेबल ऑफ द सोअर' न्यूयॉर्क टाइम्सच्या सर्वाधिक खपाच्या यादीत आली. 2021 मध्ये नासाचं पर्सिव्हिअरन्स यान मंगळावर उतरलं त्या जागेला तिचं नाव दिलं. तिच्या नावाच्या शिष्यवृत्तीवर आज मुलं क्लॅरियनला जातात. तिसरं वचनही पाळलं गेलं.

शेंगाचटणी :

मंगळाचं वाचून अंगावर काटा आला ताई. सुरुवात कुठून करू? 'किंड्रेड'?

पूर्वभागातली :

'ब्लडचाइल्ड' या नावाचाच कथासंग्रह आहे 1995 चा, तिथून करा. कथा थोड्या आहेत, प्रत्येकीमागे तिनं लिहिलेलं टिपण आहे, आणि मी वर ज्यांचा उल्लेख केला ते दोन्ही निबंध त्यातच आहेत. 'किंड्रेड' नंतर. भुईकोट, तुम्ही अर्ध्यावरून पुन्हा धरा, डेना तिसऱ्यांदा जाते तिथपासून पुस्तक बदलतं.

रातपाळी :

इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो. मोबाइलवर शब्द बघत वाचीन. बसमधली कथा आधी घेतो. पुढच्या आठवड्यात दिवसपाळी आहे, बैठक संध्याकाळी सातनंतर असेल तर येतो.

पूर्वभागातली :

सात नाही, साडेसात ठेवू, म्हणजे कारखान्यावरून घरी जाऊन येता येईल. दोन्ही निबंधांचा मराठी गोषवारा मी करून आणते, 'स्पीच साउंड्स'ची पहिली पानं आपण मोठ्यानं वाचू. तुमची एक कथा बरोबर आणा. मास्तर सर, तुम्ही शुद्धलेखन बघाल ना?

निवृत्तमास्तर :

बघतो. कागद एका बाजूनं लिहिलेला आणि समास सोडलेला असावा.